पाटी मागच्या दारावर

१

रात्रपाळी उरकून सिस्टर घरी परतली, तेव्हा तिच्या घराची पाटी जागेवर नव्हती.

पुढच्या दाराच्या चौकटीशेजारी निळ्या पत्र्याची नंबराची पाटी असायची. तिथं आता फिकट चौकोनी डाग होता आणि चार कोपऱ्यांना चार भोकं. आधी तिला वाटलं, भंगारवाल्यानं नेली असेल. मग काय मनात आलं कोण जाणे, ती घराला वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. पाटी तिथं होती. मागच्या दाराशेजारी, ओळंब्यात धरल्यासारखी सरळ, चारही स्क्रू आवळलेले.

पाटी पुढे काय आणि मागे काय, पोस्टमन येतोच की, असं कुणालाही वाटेल. पण हे घर ज्या रांगेत होतं त्या रांगेच्या बरोबर पोटातून दोन मतदारसंघांची हद्द जात होती. घरांची पुढची दारं वरच्या रस्त्यावर, मागची दारं खालच्या गल्लीत. वरचा रस्ता वरच्या मतदारसंघात, खालची गल्ली खालच्या. हद्द आखणारे शहाणे नकाशावर पट्टी ठेवतात आणि रेघ ओढून जेवायला जातात. रेघ कुणाच्या स्वयंपाकघरातून गेली आणि कुणाच्या न्हाणीतून, हे बघायला कुणी येत नाही. मग अशा घरांसाठी त्यांनी एक नियम केला: नंबराची पाटी ज्या दारावर, ते घर त्या बाजूचं. मतदारयादी पाटीवरून बनते. आणि ज्या मतदारसंघातून उभं राहायचं, तिथं राहतं घर हवंच.

सिस्टर वरच्या मतदारसंघातून विधानसभेला उभी होती. दुसऱ्या दिवशी अर्जांची छाननी होती.

ती अजून गल्लीत उभी होती तोवर निवडणूक कचेरी उघडली आणि पहिल्याच टेबलावर हरकत दाखल झाली. या बाईचं घर खालच्या मतदारसंघात मोडतं, सबब अर्ज बाद करावा. हरकत घेणारा होता वरच्या दोन विद्यमान आमदारांतला एक. पाटी मागे गेल्याचं सिस्टरला कळून चहा प्यायलाही वेळ झाला नव्हता, आणि आमदाराला मात्र सगळं ठाऊक होतं.

२

कचेरीनं चौकशीसाठी जी बाई पाठवली तिला सगळे चौकशीबाई म्हणत. गुडघ्यांनी अधू, जिभेनं धड. कुठेही गेली की आधी बसायला मागायची. उभ्या माणसाशी लोक खोटं बोलतात, बसलेल्याशी बोलता बोलता विसरतात, हा तिचा अनुभव.

निघताना निवडणूक अधिकारी साहेबांनी तिला बजावलं होतं. पाटी कुणी लबाडीनं हलवली हे उद्या दुपारपर्यंत सिद्ध झालं तर लबाडी रद्द. नाही झालं तर पाटी जिथं आहे तिथं ती खरी. साहेब मनानं वाईट नव्हते. फक्त त्यांना कुठलीही भानगड आपल्या टेबलावर नको होती, शेजारच्या टेबलावर चालली असती.

चौकशीबाई मागच्या दाराच्या पायरीवर बसली. भिंत विटांची, पिवळ्या रंगाची. तिनं पाटीवर बोट फिरवलं. आसपास रंगावर एक ओरखडा नव्हता. विटेची पूड नव्हती.

"तुमच्याकडे स्क्रू बसवताना भिंतीला भोक पाडतात ना?" तिनं सिस्टरला विचारलं.

सिस्टर म्हणाली, पाडावंच लागतं. छिन्नी हातोडीनं भोक, त्यात लाकडाचा तुकडा ठोकायचा आणि मग त्यात स्क्रू. अशी चार भोकं. सगळी गल्ली जागी होईल.

"मग रात्री घरात कोण होतं?"

घरात होती फक्त सासू. या भिंतीच्या आतल्या अंगाला, भिंतीला डोकं लावून झोपलेली. मांजरानं शेपूट हलवली तरी कोण आहे म्हणून विचारणारी.

आणि तिनं काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं.

३

सासूनं चौकशीबाईला खुर्ची दिली ती सुद्धा उपकार केल्यासारखी. सुनेनं निवडणुकीला उभं राहणं तिला बिलकूल पसंत नव्हतं, आणि हे तिनं पहिल्या दमात सांगून टाकलं. मुलगा गेला त्यानंतर या सुनेनंच घर ओढलं, ते ती मान्य करायची. पण घर ओढणारीनं राज्य कशाला ओढायचं?

"तुम्ही तर नाही ना हलवली पाटी?" चौकशीबाईनं सरळ विचारलं.

म्हातारी हसली. तोंडात दात थोडे पण हसू भरपूर. "मला हलवायची असती तर तिच्या डोळ्यांदेखत हलवली असती. मी तिला घाबरते की काय?"

ऐकलं काहीच नाही यावर ती ठाम होती. पहाटे जाग आली होती. पण आवाजानं नाही, वासानं. कसला वास? तर पोस्टाचा. पार्सल बांधून त्यावर तांबडं जळकं काहीतरी थापतात ना, तसा. तिला वाटलं पुढच्या खोलीतला भाडेकरू पहाटेच कामाला लागला. सकाळी त्याला दोन शब्द सुनावलेसुद्धा.

भाडेकरू नक्षीवाला होता. पितळेच्या भांड्यांवर नावं कोरायचा. वस्तू हलू नये म्हणून ती लाखेत बसवायची आणि मग कोरायची, ही त्याची पद्धत. त्याच्या पाटावर लाखेचा तांबडा गोळा पडलेलाच होता. तो म्हणाला, काल रात्री मी बहिणीकडे होतो, आणि माझं काम कधी अंघोळीआधी सुरू झालेलं तुम्ही कुणाला विचारा. मग पुढे म्हणाला, सिस्टर हरली तर मला काय मिळणार? घरभाडं थकलं तर समजून घेणारी मालकीण या रस्त्यावर दुसरी दाखवा.

उरला दीर. तो मागच्या खोलीत राहायचा, धंद्यानं रंगारी. दुकानांचे फलक रंगवायचा, घरंही. पेचकस, पक्कड, शिडी, सगळं त्याच्या कोपऱ्यात. वहिनीशी त्याचं गेले काही दिवस बोलणं तुटक झालं होतं. रात्री कुठं होता विचारलं तर म्हणाला, मित्राकडे. कुठला मित्र, तर आठवेना. डोळे जमिनीवर, आणि नखांत निळा रंग.

सासूनं आतून हाक मारली, "अहो चौकशीबाई, चहा पिऊन जा, माझा मुलगा चोर असला तरी चहा चांगला करतो."

चहा पिताना चौकशीबाईचा पाय पायरीजवळच्या कचऱ्यावर पडला आणि टाचेखाली काहीतरी टोचलं. तिनं ते उचललं. हरभऱ्याएवढा तांबडा खडा. नाकाशी धरला.

लाख होती.

४

दुसरी कुणी असती तर तिथूनच नक्षीवाल्याच्या खोलीत घुसली असती. चौकशीबाईनं खडा रुमालात बांधला आणि आमदाराच्या कचेरीची वाट धरली. गुन्हेगार नंतरही सापडतो. ज्याचा फायदा झाला त्याची गाठ आधी घ्यावी, नंतर तो बैठकीत जातो.

आमदार बैठकीतच होता. भेटला त्याचा कारभारी. निवडणुकीतलं सगळं हाच बघायचा. आडव्या अंगाचा, गोड बोलणारा, हात असे की टेबलावर ठेवले तर टेबल लहान वाटावं. त्यानं चौकशीबाईला न मागता बसायला दिलं, यावरून तिनं ओळखलं की माणूस मुरलेला आहे.

"ताई, आमचं त्या बाईशी वैर नाही," तो म्हणाला. "माझ्या दोन्ही नातवंडांचं बाळंतपण तिच्याच हातचं."

वैर नाही हे खरं असावं. भीती होती. कारभाऱ्यानं ती लपवलीही नाही, उलट हिशेब समजावून सांगावा तसं सांगितलं. खालच्या मतदारसंघात आमदार एक, तिथं माणसाला मत एक. वरच्यात आमदार दोन, म्हणून मतं दोन. सगळे उमेदवार एकाच यादीत, माणसानं दोन नावांवर खुणा करायच्या, सर्वांत जास्त खुणांचे पहिले दोघं आमदार. आजवर गंमत अशी की लोक एक मत आपल्या मनातल्या माणसाला द्यायचे आणि दुसरं उगाच फुकट जायला नको म्हणून आमदाराला. आमचे साहेब, कारभारी म्हणाला, कुणाचेच पहिले नाहीत पण सगळ्यांचे दुसरे आहेत. या दुसऱ्या मतावर ते वर्षानुवर्षं निवडून येत होते. आणि आता सिस्टर उभी राहिली. निम्म्या वस्तीची पोरं तिनं या जगात आणलेली. पहिलं मत लोक कुणालाही देतील, दुसरं तिला देणार.

"म्हणजे पाटी हलली हे तुमच्या पथ्यावर पडलं."

"पडलं. पण पथ्यावर पडणं हा गुन्हा नाही ना ताई? मी त्या घराच्या मागच्या अंगाला जन्मात गेलेलो नाही."

बोलता बोलता त्यानं एक लिफाफा बंद केला. टेबलावरच्या मेणबत्तीवर तांबडी कांडी धरली, थेंब पाडला, अंगठ्यानं दाबला. सवयीनं, न बघता.

चौकशीबाईनं विचारलं, ही पद्धत अजून कोण वापरतं?

तो खुशीत आला. म्हणाला, जुनी खोड आहे. पूर्वी मी तुमच्याच निवडणूक कचेरीत होतो. मतपेट्यांना लाख लावायची आणि घरांना नंबराच्या पाट्या ठोकायच्या, ही दोन कामं माझ्याकडे. माझी लाख कधी कुणाला संशय येईल अशी फुटली नाही आणि माझी पाटी कधी तिरकी लागली नाही.

चौकशीबाई उठली. आता तिच्याकडे लाखवाले दोघे झाले होते. एकाची लाख त्या घरात होती आणि दुसऱ्याचा फायदा. दोघांतला नेमका कोण, हे रुमालातल्या त्या खड्याला माहीत होतं. पण खडा बोलेल कसा?

५

खडा बोलला, तोही रंगाऱ्याच्या हातात.

सकाळी तिनं दिराला पायरीवर शेजारी बसवलं आणि खडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याची एक बाजू सपाट होती, त्यावर रंगाचा पापुद्रा. हे काय आहे एवढंच सांग, ती म्हणाली, मी तुला दुसरं काही विचारत नाही.

दिरानं खडा उन्हात धरला, नखानं कड खरवडली. वरचा पिवळा रंग त्याचाच, गेल्या वेळी दिलेला. खाली हिरवा. तोही त्याचाच, या घरात राहायला आले तेव्हा दिलेला. त्याच्याखाली पांढरा.

"आणि पांढरा कुणी दिलेला?"

"तो आधीच्या मालकाचा. आम्ही घर घेतलं तेव्हा भिंत पांढरी होती." मग तो थबकला. "म्हणजे ही लाख पांढऱ्याच्याही आधीची? मी तिच्यावर दोनदा ब्रश फिरवला आणि मला कळलं नाही?"

गरम सुरीनं सपाट केली असेल तर कसं कळणार, चौकशीबाई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. नक्षीवाला या कुटुंबाबरोबरच इथं आला. दीर, सासू, सिस्टर, कुणीच पांढऱ्या रंगाआधी या घरात नव्हतं. या भिंतीत जुनी भोकं आहेत, लाखेनं बुजवलेली आहेत, हे घरातल्या कुणालाही माहीत असणं शक्य नव्हतं.

दिराला आपण सुटलो हे कळलं तेव्हा त्याला रडू कोसळायचं तेवढं राहिलं. मग त्यानं रात्रीचा मित्र कोण ते आपणहून सांगितलं. मित्रबित्र कुणी नव्हता. आमदाराचे प्रचाराचे फलक तो एका गोदामात रंगवत होता. काम मिळालं, नाही म्हणवलं नाही, आणि वहिनीला सांगायचं तोंड नव्हतं.

"तिला माहीत आहे," चौकशीबाई म्हणाली. "काल मीच तिला विचारलं. म्हणाली, भाऊजींचं अक्षर मला गल्लीच्या टोकावरून ओळखू येतं. शिवाय म्हणाली, फलक माझ्या फलकापेक्षा चांगला झालाय."

मग ती शेजारच्या शिंपिणीकडे गेली. तिची पाटी पुढच्या रस्त्यावर. चौकशीबाईनं तिच्या परवानगीनं मागच्या दाराशेजारी रंग हलकेच खरवडला. आत तांबडा ठिपका. चार कोपऱ्यांचे चार.

शिंपीण मशीन थांबवून बघत होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. म्हणाली, सगळ्या रांगेला असतील. पूर्वी आमच्या सगळ्यांच्या पाट्या मागेच होत्या, आम्ही सगळे खालच्यातले. शेवटची हद्द आखायच्या सुमाराला ऑफिसातला एक माणूस आला, म्हणाला, वरच्यात गेलात तर एकाऐवजी दोन मतं मिळतील, पाट्या पुढे लावून देतो. आम्हाला काय, दोन तर दोन. एका सकाळीत रांग पुढे गेली. मागून मोजणीवाले आले, पाट्या बघून लिहून गेले.

"हे तू आजवर कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

त्या माणसाचं नाव मात्र तिनं घेतलं नाही. इथंच राहायचंय, म्हणाली, आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

चौकशीबाई गल्लीत उभी राहून हिशेब करू लागली. जागा डोक्यांवर ठरतात. रांग खालून वर गेली, खालची डोकी कमी भरली, वरची वाढली. खालच्याला मिळायची दुसरी जागा वरच्याला मिळाली ती या रांगेमुळे. खालचा मतदारसंघ म्हणजे कारखान्यांची वस्ती, साचलेलं पाणी, एकच शाळा, आणि त्याच्यासाठी बोलणारं तोंडही एकच. का, तर कुणीतरी चार स्क्रू काढून चार ठिपके बुजवले. बंदूक नको, दंगा नको. पेचकस पुरतो.

ती रांगेच्या टोकापर्यंत चालत गेली. टोकाचं घर मोठं, मागे कुंपण. कुंपणातून हात घालून तिनं दाराशेजारची भिंत नखानं खरवडली. तांबडा ठिपका.

ते घर आमदाराचं होतं.

६

दुपारी सगळे सिस्टरच्या मागच्या दाराशी जमले. साहेब, आमदार, कारभारी, घरातली माणसं, आणि खिडकीआडून अख्खी रांग. साहेबांनी बैठक कचेरीत ठेवायची म्हणून सांगितलं होतं. चौकशीबाई म्हणाली, भिंत कचेरीत कशी आणू?

ती पायरीवर बसूनच बोलली, भाजी निवडत बसल्यासारखी.

आधी तिनं आवाज का झाला नाही ते सांगितलं. भोकं पाडलीच नाहीत, ती भिंतीत होती. तापवलेल्या खिळ्यानं लाख मऊ केली, उपसली, आत जुनं लाकूड होतंच, त्यात स्क्रू फिरवले. म्हातारीला ऐकू काही आलं नाही, वास तेवढा आला. उपसताना एक खडा खाली पडला. खड्यावर रंगाचे तीन थर. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला ही भोकं हे कुटुंब इथं येण्याआधीपासून माहीत होती.

"रांगेतल्या जुन्या माणसांनाही माहीत असतील," कारभारी शांतपणे म्हणाला.

"आहेत, असं माहीत असेल. कुठं आहेत ते नाही." तिनं भिंतीकडे बोट केलं. "तीन थरांखालचे चार ठिपके, पहाटेच्या उजेडात, आणि रंगावर एक चुकीचा ओरखडा नाही. शोधाशोध केलीच नाही. त्यानं सरळ हात ठेवला आणि खिळा टोचला. मी सकाळपासून रांगेतली भोकं बघतेय. मागची बघितली, पुढची बघितली. प्रत्येक घरात चौकटीपासून पहिल्या स्क्रूपर्यंत अंतर एकच. वीतभर. पण कुणाची वीत? माझी पुरत नाही. या रंगाऱ्याची पुरत नाही."

दिरानं चौकटीला अंगठा लावून हात ताणून दाखवला. करंगळी स्क्रूच्या अलीकडेच राहिली. साहेबांनीही न राहवून लावून बघितला. त्यांचाही राहिला.

"पाट्या ठोकणाऱ्या माणसाजवळ पट्टी नसायची. तो आपल्या हातानं मोजायचा," चौकशीबाई म्हणाली. "आधी नोकरी म्हणून ठोकल्या, मग पुढे नेल्या, आता एक मागे आणली. तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा तीच वीत. भोकं दुसऱ्या कुणी चुन्यानं बुजवली असती. यानं लाख वापरली, कारण आयुष्यभर जे काही बंद केलं ते लाखेनंच. कारभारी, जरा हात लावा चौकटीला."

कारभाऱ्यानं आमदाराकडे पाहिलं. आमदार आभाळाकडे बघत होता. कारभाऱ्याचा हात खिशात होता, आणि तो खिशातच राहिला. हळूहळू त्याची मान खाली गेली.

"नातवंडांची शपथ, तिचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही," तो म्हणाला.

सासू दारातून म्हणाली, "त्यांना कशाला मध्ये घेतोस? ती तिच्याच हातची आहेत."

७

सगळ्यांत आधी सावरला तो आमदार. सावरणं हाच त्याचा धंदा. त्यानं सिस्टरपुढे हात जोडले. माझ्या माणसानं मला न सांगता आगाऊपणा केला, मी हरकत मागे घेतो, पाटी आत्ताच्या आत्ता पुढे लावू, सिस्टरनं खुशाल लढावं, विषय संपला. साहेबांनी मोठा श्वास सोडला. दीर पेचकस आणायला आत पळालासुद्धा.

चौकशीबाई पायरीवरून हलली नाही.

"विषय संपत नाही," ती म्हणाली. "मला लबाडी कुठवर जाते ते लिहायचंय. पाटी मागे आणणं लबाडी, तशी ती आधी पुढे नेणंही लबाडी. सगळ्या रांगेची."

साहेब खाली वाकून हलक्या आवाजात बोलू लागले, पण गल्ली अरुंद होती. चौकशी एका घराची आहे. रांगेबद्दल कुणाची तक्रार नाही. रांगेत राहणाऱ्या कुणीतरी तक्रार केल्याशिवाय मला त्यात हात घालता येत नाही. आणि कोण करणार? बाई, तुमचं काम उत्तम झालं, आता इथंच थांबा.

चौकशीबाईनं खिडक्यांकडे बघितलं. शिंपिणीचं मशीन थांबलेलं होतं. पडदे हलले, खिडकी एकही उघडली नाही.

मग तिनं सिस्टरकडे बघितलं आणि जे होतं ते सांगितलं, साखर न लावता. तक्रार झाली तर रांग खाली जाईल. आमदाराचं घर जाईल, त्याचा अर्ज बाद होईल. तुमचंही जाईल. तुमचाही होईल. या खेपेला तुम्हाला कुठूनच उभं राहता येणार नाही, खालच्या अर्जांची मुदत संपली आहे. खालच्याला दुसरी जागा मिळेल ती फेरमोजणीनंतर, पुढच्या निवडणुकीला. मिळेलच याची मी हमी देत नाही, पण या डोक्यांशिवाय मिळणार नाही याची देते. गप्प राहिलात तर पाटी पुढे, आणि तुम्ही बहुतेक आमदार.

आमदार मऊपणे म्हणाला, "सिस्टर, जागा दोन आहेत. एक तुमची, एक माझी. कुणाचं काय बिघडतं?"

 सिस्टर दाराच्या उंबऱ्याकडे बघत होती. मागच्या दाराचा उंबरा मधोमध झिजून खोलगट झाला होता. पुढचा उंबरा अजून कोराच होता.

"आई," ती सासूला म्हणाली, "रात्री मला न्यायला माणसं येतात, ती कुठल्या दारानं येतात?"

"याच मेल्या दारानं. म्हणून तर माझी झोप उडालीय."

"पुढच्या दारानं कुणी आलंय कधी?"

"पुढून मतं मागायला येतात," सासू म्हणाली.

सिस्टर हसली. मग वळून साहेबांना म्हणाली, "लिहून घ्या. तक्रार माझी आहे. सगळ्या रांगेबद्दल."

"विचार केलात?" साहेबांनी विचारलं. "तुमचा अर्ज..."

"मी खालचीच आहे, साहेब. वरून उभी राहिले ती चूक एका पाटीची. मला ठाऊक नव्हतं तोवर ठीक होतं."

आमदारानं कारभाऱ्याकडे असं पाहिलं की त्या पाहण्यात दोघांची सगळी वर्षं जळून गेली. दीर पेचकस घेऊन दारात आला होता. काय चाललंय त्याला समजेना. वहिनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, भाऊजी, आपली राहू द्या इथंच, नीट बसलीय. बाकीच्या मागे आणायच्या आहेत, साहेबांचा हुकूम निघाला की लागा. शिंपिणीची खिडकी उघडली. ती म्हणाली, हुकूम यायचा तेव्हा येवो, माझी आधी कर, मला संध्याकाळी कपडे पोचवायचेत.

साहेब कागद काढून पायरीवरच बसले. दुसरीकडे बसायला जागा नव्हती. चौकशीबाई सरकली.

सासू मात्र कुरकुरत होती. इतकी वर्षं पुढच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची, येणाराजाणारा दिसायचा. आता मागचं दार पुढचं झालं, म्हणजे खुर्ची आणायची, उशी आणायची, गल्लीतल्यांशी नव्यानं भांडणं सुरू करायची. शेवटी तिनं खुर्ची स्वतःच ओढत आणली आणि पाटीखाली टाकली.

साहेबांची पहिली ओळ लिहून होते तोच गल्लीच्या टोकाकडून एक माणूस धावत आला. कारखान्याच्या कपड्यांत, धापा टाकत. इतकी माणसं बघून तो बिचकला. पण त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, त्याला बिचकून चालणार नव्हतं.

"सिस्टर इथंच राहतात ना?"

"इथंच," सासू म्हणाली आणि डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. "वाचता येत नाही का?"

सिस्टरनं खुंटीवरची पिशवी घेतली, साहेबांच्या गुडघ्यांवरून पाय टाकून पायरी उतरली, आणि त्या माणसाबरोबर खालच्या वस्तीकडे चालू लागली.